आज्ञा कोणती, मजकूर कोणता?

भिवंडीतील बहुतेक यंत्रमागांवर साधे, कोरे कापड विणले जाते. नक्षीचे कापड हवे असेल तर मागावर डॉबी किंवा जॅकार्ड ही जोडणी बसवावी लागते. जॅकार्डमध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. पट्टीवर ज्या जागी भोक असेल त्या जागेचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. मग आडवा धागा आरपार जातो आणि पुढची पट्टी समोर येते. येथे भोकाचा अर्थ एकच आहे. जाणकार कारागीर पट्ट्यांची माळ पाहून नक्षीचा अंदाज बांधू शकतो.

संगणकाच्या स्मृतीतील आकड्यांबाबत असे करता येत नाही. तेथे एकच आकडा एकदा आज्ञा असतो, एकदा अक्षर असतो, तर एकदा नुसती संख्या असतो. तो यांपैकी काय आहे हे त्या आकड्यावर कोठेही लिहिलेले नसते. तयार आज्ञावली समोर असेल, पण ती लिहिणाऱ्याची टिपणे हाती नसतील, तर ती वाचायची कशी? या कामासाठी डिसअसेम्बलर नावाची साधने वापरतात. ती काय करू शकतात आणि कोठे अडतात, हे एका छोट्या उदाहरणावरून पाहूया.

वेगळ्या पट्ट्यांपासून एका स्मृतीपर्यंत

जॅकार्डच्या पट्ट्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. त्यांनी पट्ट्यांचे वेगवेगळे संच योजले होते. 'काय करायचे' हे सांगणाऱ्या पट्ट्या एका संचात आणि 'कोणत्या संख्यांवर करायचे' हे सांगणाऱ्या दुसऱ्या संचात. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर क्रियापद एका माळेत आणि कर्म दुसऱ्या माळेत. दोन्हींची गल्लत होण्याचा प्रश्नच नव्हता.

१९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या संगणकाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात आज्ञा आणि संख्या एकाच स्मृतीत ठेवण्याची योजना होती. या अहवालात प्रत्येक शब्द ३२ बिटांचा होता आणि त्याचा पहिला बिट ओळखीसाठी राखलेला होता. तो ० असेल तर ती संख्या, १ असेल तर ती आज्ञा. पुढे प्रिन्स्टन येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बांधलेल्या संगणकात मात्र असा ओळखीचा बिट ठेवला नाही, आणि त्यानंतरच्या बहुतेक संगणकांनी तीच वाट धरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हाही आज्ञा आणि संख्या एकाच स्मृतीत ठेवणारा संगणक होता. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत.

ओळखीचा बिट गेला तेव्हा ओळख पटवण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर आली. त्याने आपली टिपणे नष्ट केली किंवा ती दिलीच नाहीत, तर ही जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

पंचवीस बाइटांचे उदाहरण

महाराष्ट्रात बारावीच्या कॉम्प्युटर सायन्स विषयात ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक कित्येक वर्षे शिकवला गेला. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांच्या कपाटात त्याचे संच अजूनही असतील. म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. खालील सर्व आकडे षोडशमान पद्धतीत आहेत; म्हणजे ० ते ९ नंतर दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरली आहेत. समजा, २००० या पत्त्यापासून पुढे स्मृतीत हे २५ बाइट सापडले:

सीडी ५० २० ४२ ४८ ४९ ५७ ४१ ४ई ४४ ४९ २० ३४
३२ ३१ ३३ ३० ३२ ०० ३ई ०ए ३२ ८० २० ७६

८०८५ ची आज्ञा एक, दोन किंवा तीन बाइटांची असते. किती बाइटांची, हे पहिल्या बाइटवरून ठरते. पहिला बाइट क्रिया सांगतो. उरलेले बाइट म्हणजे तिचे कर्म. याला ऑपरंड म्हणतात. ऑपरंड हा पत्ता असेल तर त्याचा खालचा अर्धा भाग आधी आणि वरचा नंतर लिहितात. म्हणून 'सीडी ५० २०' याचा अर्थ 'कॉल २०५०', म्हणजे २०५० या पत्त्यावरील उपआज्ञावलीकडे जा, असा होतो. आज्ञांचा तक्ता समोर ठेवून एकामागून एक बाइट वाचत गेलो तर पुढील यादी मिळते. डावीकडे पत्ता, मध्ये बाइट, उजवीकडे आज्ञा.

२००० : सीडी ५० २० : कॉल २०५०
२००३ : ४२ : मूव्ह बी, डी
२००४ : ४८ : मूव्ह सी, बी
२००५ : ४९ : मूव्ह सी, सी
२००६ : ५७ : मूव्ह डी, ए
२००७ : ४१ : मूव्ह बी, सी
२००८ : ४ई : मूव्ह सी, एम
२००९ : ४४ : मूव्ह बी, एच
२००ए : ४९ : मूव्ह सी, सी
२००बी : २० : रिम
२००सी : ३४ : आयएनआर एम
२००डी : ३२ ३१ ३३ : एसटीए ३३३१
२०१० : ३० : सिम
२०११ : ३२ ०० ३ई : एसटीए ३ई००
२०१४ : ०ए : एलडीएएक्स बी
२०१५ : ३२ ८० २० : एसटीए २०८०
२०१८ : ७६ : एचएलटी

यादी नीटनेटकी दिसते. प्रत्येक बाइटला जागा मिळाली, एकही आज्ञा अपुरी राहिली नाही. तरीही ही यादी चुकीची आहे. संशय घेण्याजोगी पहिली खूण म्हणजे 'मूव्ह सी, सी'. सी या नोंदपात्रातील संख्या सी मध्येच ठेवा, अशी ही आज्ञा आहे. तिने काहीच साधत नाही, आणि येथे ती दोनदा आली आहे.

आता हेच आकडे आस्की या अक्षरसंकेताच्या तक्त्यात पाहू. ४२ म्हणजे रोमन बी, ४८ म्हणजे एच, ४९ म्हणजे आय. असे करत गेलो की भिवंडीचे रोमन स्पेलिंग, मग एक मोकळी जागा (२०) आणि मग ४२१३०२ हा भिवंडीचा पिनकोड मिळतो. त्यानंतरचा ०० हा मजकूर संपल्याची खूण आहे. खरी यादी अशी:

२००० : कॉल २०५०
२००३ : मजकूर, भिवंडी ४२१३०२ (रोमन अक्षरांत), शेवटी ००
२०१३ : ३ई ०ए : एमव्हीआय ए, ०ए
२०१५ : ३२ ८० २० : एसटीए २०८०
२०१८ : ७६ : एचएलटी

पिनकोडमधील शेवटचा २ हा आस्कीत ३२ आहे. ८०८५ साठी ३२ ही तीन बाइटांची आज्ञा असल्यामुळे चुकीच्या वाचनात तिने पुढचे ०० आणि ३ई हे दोन बाइट गिळले. त्यामुळे 'एमव्हीआय ए, ०ए' ही खरी आज्ञा यादीतून नाहीशी झाली आणि तिच्या जागी आज्ञावलीत मुळात नसलेल्या दोन आज्ञा उगवल्या. पुढे २०१५ पासून वाचन आपोआप ताळ्यावर आले. वरवर पाहणाऱ्याला शेवटच्या दोन ओळी बरोबर दिसतात, म्हणून मधल्याही बरोबर असतील असे वाटते. हाच यातला धोका आहे.

आज्ञांच्या मध्येच मजकूर का?

मजकूर आज्ञांच्या रांगेत मध्येच का ठेवावा, असा प्रश्न येथे पडेल. 'कॉल' ही आज्ञा चालते तेव्हा परतीचा पत्ता, म्हणजे तिच्या लगेच पुढच्या बाइटचा पत्ता, स्टॅक या राखीव जागेत नोंदवला जातो. येथे तो २००३ आहे. २०५० येथील उपआज्ञावली छपाईचे काम करते. ती हा परतीचा पत्ता उचलते, तेथून एकेक अक्षर छापत जाते आणि ०० भेटल्यावर त्याच्या पुढचा पत्ता, म्हणजे २०१३, परतीचा पत्ता म्हणून ठेवून देते. यामुळे 'हा मजकूर छाप' हे सांगण्यासाठी मजकुराचा पत्ता वेगळा द्यावा लागत नाही. स्मृती तुटपुंजी होती त्या काळात ही मोठी बचत होती.

ही युक्ती शाळांपर्यंतही पोचलेली होती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात भारतातील शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. त्यांत ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक होता. या संगणकात चूक कळवायची असेल तर 'ब्रेक' ही ०० संकेताची आज्ञा, तिच्यामागोमाग चुकीचा क्रमांक, मग चुकीचा संदेश आणि शेवटी पुन्हा ०० अशी मांडणी आज्ञावलीत केलेली असे. म्हणजे एकाच आज्ञावलीत ०० हा बाइट एकदा आज्ञा आणि एकदा पूर्णविराम!

रोमन मजकूर ८०८५ च्या बाबतीत निदान ओळखता तरी येतो. ४० ते ७एफ या टप्प्यातील सर्व संकेत 'मूव्ह' आज्ञांचे आहेत. अपवाद फक्त ७६ चा. रोमन लिपीची मोठी आणि लहान सर्व अक्षरे याच टप्प्यात येतात. त्यामुळे 'मूव्ह'ची लांबलचक रांग दिसली की तेथे मजकूर असावा असे समजावे. ७६ म्हणजे लहान लिपीतील व्ही, आणि ८०८५ साठी 'थांब'.

देवनागरी मजकूर याहून फसवा आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत प्रमाण केला. त्यात 'थ'चा संकेत सी३ आणि 'य'चा सीडी आहे. ८०८५ ला सी३ म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर उडी मार' आणि सीडी म्हणजे 'कॉल'. दोन्ही तीन बाइटांच्या आज्ञा. अशा मजकुरातील प्रत्येक 'य' वाचकाला भलत्याच पत्त्यावर पाठवील.

साधन कोठे अडते, माणूस कोठे लागतो

डिसअसेम्बलर दोन रीतींनी वाचन करतात. पहिली रीत म्हणजे आपण वर केले तसे ओळीने वाचणे. दुसरी रीत वाटेने जाण्याची: आज्ञावली जेथून सुरू होते तेथून निघायचे, उडी आणि कॉल जेथे नेतील तेथे जायचे, आणि जेथे वाट पोचत नाही ते बाइट मजकूर मानायचे. ही रीत अधिक भरवशाची असली तरी तिचे एक गृहीतक आहे. कॉल झाल्यावर परत यायचे ते लगेच पुढच्या बाइटवर, असे ती धरून चालते. आपल्या उदाहरणात नेमके तेच खरे नाही. आज्ञा आणि मजकूर प्रत्येक आज्ञावलीत अचूक वेगळे करील असे साधन तत्त्वतःच बनवता येत नाही. कारण आज्ञावली चालताना कोणत्या पत्त्यावर पोचेल हे न चालवता नेहमी सांगता येत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलेल्या मर्यादेचाच हा एक परिणाम आहे.

म्हणून चांगल्या डिसअसेम्बलरला जोड-आज्ञावली लावण्याची सोय असते. तिला प्लगइन म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या घिड्रा या साधनात ती आहे. ६५०२ च्या जुन्या आज्ञावल्या वाचण्यासाठी केलेल्या सोर्सजेन या साधनातही आहे. अशा जोड-आज्ञावलीला आपण एकदाच नियम सांगायचा: 'कॉल २०५०' दिसला की त्यापुढचे बाइट ०० येईपर्यंत मजकूर म्हणून मांड आणि त्यानंतर पुन्हा आज्ञा वाचू लाग. मग असे शंभर कॉल असले तरी सर्व ठिकाणी मांडणी सुधारते. अर्थात नियमच चुकला तर शंभर ठिकाणी तीच चूक होते. यासाठी सुज्ञ लेखक नियमात मर्यादा घालतो. ठराविक अंतरात ०० सापडला नाही, किंवा मध्ये अक्षराचा नसलेला संकेत आला, तर मांडणी न करता ती जागा तपासणीसाठी दाखवून द्यावी.

ऑपरंडची मांडणी

मजकूर वेगळा झाला तरी काम संपत नाही. 'एमव्हीआय ए, ०ए' मधील ०ए म्हणजे काय? दशमान पद्धतीत दहा. आस्कीत नव्या ओळीची खूण. द्विमान पद्धतीत ००००१०१०. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण लिहिणाऱ्याच्या मनात त्यांपैकी एकच होते. पुढच्या आज्ञेने तो आकडा २०८० या पत्त्यावर ठेवला आहे. तो पत्ता इतरत्र मोजणीसाठी वापरला असेल तर दहा हे खरे. तेथील बाइट छपाईयंत्राकडे जात असेल तर नवी ओळ हे खरे. म्हणजे ऑपरंडचा अर्थ त्याच्या वापरावरून ठरतो.

काही ठिकाणी क्रियाच ऑपरंडच्या मांडणीची दिशा सुचवते. 'एएनआय ०एफ' मध्ये बिटांची चाळणी लावलेली असते, तेव्हा ०एफ हे ००००११११ असे लिहिले की खालचे चार बिट राखले, वरचे चार पुसले, हे डोळ्यांना दिसते. 'सीपीआय ४१' ही तुलना कळफलकावरून आलेल्या बाइटशी असेल तर ४१ ऐवजी रोमन ए असे लिहावे. 'एमव्हीआय सी, ६४' हा एखाद्या फेऱ्यांचा मोजक असेल तर १०० हे दशमान रूप वाचायला सोपे. 'आउट ०१' मधील ०१ कोणत्या उपकरणाकडे जातो हे मात्र जोडणीचा आराखडा पाहिल्याशिवाय कोणत्याही साधनाला सांगता येणार नाही.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. मांडणी बदलल्याने स्मृतीतील बाइट बदलत नाहीत. बदलते ते फक्त आपल्याला दिसणारे रूप. म्हणून यादीवरून पुन्हा बाइट तयार करून ते मूळ बाइटांशी पडताळून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो चांगला आहे. पण या पडताळणीने काय सिद्ध होते? आपली पहिली, चुकीची यादी पुन्हा बाइटांत उतरवली तरी तेच २५ बाइट मिळतात! वाचताना काही सांडले नाही, एवढेच या पडताळणीने कळते. अर्थ बरोबर लागला की नाही हे कळण्यासाठी आज्ञावली कोणत्या पत्त्यांवरून खरोखर जाते ते पाहावे लागते. ८०८५ च्या संचावर एकेक आज्ञा चालवून पाहण्याची कळ असते. ती या कामासाठी वापरावी.

हे कोणाच्या उपयोगाचे?

एखाद्या जुन्या यंत्राचे नियंत्रण करणारी चिप बिघडते, ती बनवणारा कारखाना बंद झालेला असतो आणि मूळ लिखाण कोठेच नसते. अशा वेळी चिपमधील बाइट वाचून तिचे काम समजून घेणे हा एकच मार्ग उरतो. चुकीच्या यादीवरून नवी चिप भरली तर यंत्र चालताना भलतेच वागू शकते. संगणकातील विषाणूंचेही तसेच. विषाणू लिहिणारा आपली टिपणे कोणाला देत नाही. पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात दुरुस्तीच्या व्यवसायातून विषाणूरोधक आज्ञावल्या तयार करायला सुरुवात केली आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. या क्षेत्रात काम करणाऱ्याला विषाणूचे बाइट वाचूनच तो काय करतो ते शोधावे लागते. त्यात मजकूर आणि आज्ञा यांची गल्लत झाली तर निर्दोष फाइल दोषी ठरते किंवा दोषी फाइल सुटते.

दुसऱ्याची आज्ञावली अशी उलगडणे कायद्यात बसते का, असे विद्यार्थी विचारतील. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, आज्ञावलीची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला, ती दुसऱ्या आज्ञावलीशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल तर ती काढून घेण्याची मुभा दिली आहे. नक्कल करून विकण्याची मुभा त्यात नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

वरील २५ बाइट फळ्यावर लिहावेत आणि वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाला ८०८५ च्या आज्ञांचा तक्ता द्यावा, दुसऱ्याला आस्कीचा. दोन्ही गटांनी एकमेकांशी न बोलता तेच बाइट वाचावेत आणि मग याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात. कोठपर्यंत कोणाचे वाचन अर्थपूर्ण आहे यावर चर्चा होऊ द्यावी.

त्यानंतर पिनकोडचा शेवटचा अंक २ ऐवजी ५ करावा, म्हणजे ३२ च्या जागी ३५ लिहावे, आणि पुन्हा ओळीने वाचायला सांगावे. ३५ ही एका बाइटची आज्ञा, 'डीसीआर एम'. तिच्यामागचा ०० म्हणजे 'काही करू नको', आणि मग 'एमव्हीआय ए, ०ए' जागच्या जागी सापडते. वाचनाची रीत तीच चुकीची, तरी या वेळी एकही खरी आज्ञा हरवली नाही. असे का झाले हे विद्यार्थ्यांनीच सांगावे. शेवटी प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव रोमन लिपीत घेऊन, आधी मोठ्या आणि मग लहान अक्षरांत, त्याच्या ८०८५ आज्ञा लिहाव्यात. वसई किंवा विरार घेणाऱ्या विद्यार्थ्याची आज्ञावली लहान अक्षरांत पहिल्याच बाइटला थांबेल.